हातातला स्कॅनर लॅबच्या टेबलावर: प्रकल्प नोंदी

१० जून

तोंडात फिरवण्यासाठी बनवलेला हातातला इंट्राओरल स्कॅनर डेंटल लॅबमध्ये प्लास्टरच्या मॉडेलवर कितपत चालतो, हे पाहण्याचे काम आजपासून हाती घेतले. डेस्कटॉप स्कॅनर आमच्याकडे आहे आणि तो काढून टाकण्याचा विचार नाही. पण दातांची मापे, म्हणजे तोंडात घेतलेले ठसे, प्लास्टरने ओतून मॉडेल्स सुटली की सगळी त्या एकाच यंत्रापुढे रांग लावतात आणि एका दाढेच्या कॅपचे मॉडेलही पूर्ण जबड्याच्या कामामागे अडकून पडते. दुसरे कारण असे की आता अनेक दंतवैद्य माप न पाठवता थेट फाइल पाठवतात. ती फाइल ज्या यंत्रातून निघते त्याच्या खोडी ठाऊक नसतील, तर फाइलमधला दोष कुठून आला हे लॅबला कधीच सांगता येणार नाही.

दोन गोष्टी सुरुवातीलाच ठरवल्या. ज्या प्रकारच्या कामाचे मोजमाप आमच्या टेबलावर झालेले नाही, त्या प्रकारचे रुग्णाचे एकही काम या स्कॅनरवर जाणार नाही. आणि पडद्यावर चित्र सुबक दिसते, हा पुरावा मानायचा नाही.

खर्चाचा अंदाज बांधताना स्कॅनरच्या किमतीवर थांबू नये. चांगले ग्राफिक्स कार्ड असलेला संगणक, स्कॅनरच्या टोकाला बसणाऱ्या, लॅबसाठी वेगळ्या टिपा आणि काही कंपन्यांची दरवर्षीची सॉफ्टवेअर फी, हे सगळे त्यात धरावे लागते. घेण्यापूर्वी एक प्रश्न लेखी विचारून घ्यावा: फाइल कोणत्याही अटीशिवाय एसटीएल आणि पीएलवाय या त्रिमितीय फाइलींच्या स्वरूपांत बाहेर काढता येते का? याचे उत्तर गुळमुळीत आले, तर पुढची प्रत्येक फाइल दुसऱ्याच्या परवानगीवर चालते.

१२ जून

मांडणीतच बराच वेळ गेला. पहिल्याच मॉडेलवर सॉफ्टवेअर मॉडेलचा पाया आणि गालाकडची हिरडीची घडी आपोआप कापत राहिले. स्कॅन करावा तसा भाग दिसे आणि क्षणात नाहीसा होई. हा यंत्राचा दोष नव्हता. तोंडात स्कॅन करताना गाल, जीभ आणि हातमोजे मध्ये येतात, ते ओळखून वगळण्याची सोय सॉफ्टवेअरमध्ये असते, आणि प्लास्टरवरचा दातांपासून दूरचा प्रत्येक भाग तिला नको असलेला वाटतो. बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये प्लास्टर मॉडेलसाठी वेगळा मोड असतो. तो निवडल्यावर कापाकापी थांबली. ज्यांच्याकडे तसा मोड नाही, त्यांनी निदान ही गाळणी बंद करून पाहावी.

प्रकाशाचेही तसेच. टेबलावरचा दिवा थेट मॉडेलवर पडत असताना दातांच्या फटींत खडबडीत दाणे उमटत होते. दिवा वळवला, खिडकीचा पडदा ओढला आणि दाणे कमी झाले. मॉडेल पूर्ण वाळलेले असावे, हेही याच दिवशी लक्षात आले. नुकतेच सुटलेले ओलसर मॉडेल चकाकते, आणि चकाकी हा प्रकाशावर चालणाऱ्या कोणत्याही स्कॅनरचा जुना शत्रू आहे.

१५ जून

स्कॅनर हलवावा की मॉडेल? तोंडात हा प्रश्नच येत नाही, लॅबमध्ये मात्र तो पहिल्या तासातच उभा राहतो. स्कॅनर वजनदार आहे आणि ओळीने मॉडेल्स घेतली की मनगट भरून येते. म्हणून स्कॅनर स्टँडवर घट्ट बसवला आणि टेबलावर ठेवलेले मॉडेल त्याच्यासमोर फिरवले. यात एक अडचण आली, ती नीट समजून घेण्यासारखी आहे. स्कॅनर एका वेळी फार लहान क्षेत्र पाहतो आणि एकामागून एक आलेली चित्रे त्यांतल्या सामाईक आकारांवरून जुळवत जातो. मॉडेल फिरते पण त्यामागचा टेबलाचा पृष्ठभाग जागचा हलत नाही. दोन्ही एकाच चित्रात आले की कशाच्या आधारे जुळवावे हे सॉफ्टवेअरला कळत नाही. कधी जुळणी तुटते, तर कधी ती तुटत नाही आणि चुकीची होते. दुसरा प्रकार जास्त घातक, कारण तो आवाज करत नाही.

वरच्या डाव्या दुसऱ्या उपदाढेवर हे अगदी जवळून पाहायला मिळाले. चित्र मोठे केले तेव्हा गालाकडच्या टोकावर दोन पृष्ठभाग दिसले, जुन्या भिंतीवर रंगाचा पापुद्रा सुटावा तसे एकमेकांपासून किंचित अलग. सॉफ्टवेअरने नंतर ते एकत्र करून गुळगुळीत केले आणि टोक मूळ आकारापेक्षा जाड झाले. दूरून पाहणाऱ्याला तिथे काहीच वावगे दिसले नसते.

उपाय दोन. मॉडेलखाली आणि मागे चकाकी नसलेले काळे कापड टाकावे, आणि मॉडेल टेबलावर न ठेवता काळा हातमोजा घातलेल्या हातात किंवा काळ्या पकडीत धरावे. काळा रंग प्रकाश शोषून घेतो आणि पार्श्वभूमी चित्रात येत नाही. दुसरे म्हणजे, दुहेरी थर उमटला की त्यावरून पुन्हा पुन्हा स्कॅन करून तो सुधारत नाही. नवी चित्रे जुन्या चुकीच्या थरालाच चिकटत जातात. तेवढा भाग पुसून, शेजारच्या चांगल्या भागापासून पुन्हा सुरुवात करावी.

१९ जून

आज अंतर मोजण्याची व्यवस्था केली. या कामातली सर्वांत उपयोगी गोष्ट कोणती, असे कोणी विचारले तर मी हीच सांगेन.

एका पूर्ण जबड्याच्या मॉडेलवर दोन्ही टोकांच्या दाढांवर, सुळ्यांच्या जागी आणि एका बाजूला शेजारशेजारच्या दोन दातांवर बेअरिंगचे एकाच व्यासाचे स्टीलचे छर्रे पक्के चिकटवले. छर्रे चकाकतात, म्हणून त्यांवर स्कॅन स्प्रेचा पातळ थर दिला. गोलच का, तर स्प्रेमुळे त्याची त्रिज्या थोडी वाढली तरी केंद्र जागचे हलत नाही, आणि स्कॅनमधल्या गोलाचे केंद्र सॉफ्टवेअर नेमके काढून देते. स्प्रे देण्यापूर्वी डिजिटल कॅलिपरने दोन छर्ऱ्यांच्या बाहेरच्या कडांमधले अंतर घ्यावे आणि त्यातून एक व्यास वजा करावा; उरते ते केंद्रांमधले खरे अंतर. माप या मॉडेलचेच आणि स्कॅनही याच मॉडेलचा, त्यामुळे प्लास्टर ओतताना झालेल्या प्रसरणाचा प्रश्न यात येत नाही. तो वेगळा हिशेब आहे आणि तो क्षुल्लकही नाही: टाइप ४ डाय स्टोन (मॉडेलचे कठीण प्लास्टर) ०.१ टक्का फुगला, तरी ५० मिलिमीटरच्या अंतरात ५० मायक्रॉनचा फरक पडतो.

कॅलिपरची मर्यादाही लिहून ठेवतो. पडद्यावर ०.०१ मिलिमीटरपर्यंत आकडा दिसत असला, तरी साधारण कॅलिपरची अचूकता ०.०२ मिलिमीटरच्या आसपास असते. म्हणजे २० मायक्रॉनच्या आतल्या फरकाबद्दल आम्ही काहीही बोलू नये.

निकाल स्पष्ट आला. शेजारच्या दोन दातांमधले अंतर प्रत्येक स्कॅनमध्ये कॅलिपरच्या मर्यादेत बसले. सुळ्यापासून त्याच बाजूच्या दाढेपर्यंतही तक्रारीला जागा नव्हती. एका टोकाच्या दाढेपासून दुसऱ्या टोकाच्या दाढेपर्यंत मात्र फरक वाढला, काही स्कॅनमध्ये तो १०० मायक्रॉनच्या पुढे गेला, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे तो दर वेळी वेगळा होता. एकाच दिशेने आणि एकाच प्रमाणात चूक होत असती, तर तिची भरपाई करता आली असती. कधी कमान रुंद, कधी अरुंद होत असेल, तर भरपाई कशाची करणार?

२२ जून

डेस्कटॉप स्कॅनरचा स्कॅन आणि हातातल्याचा स्कॅन एकमेकांवर ठेवून तुलना केली. क्लाउडकम्पेअर हे मोफत सॉफ्टवेअर त्यासाठी पुरते. पहिला रंगीत नकाशा जवळजवळ सगळा हिरवा, म्हणजे फरक नसल्याचे सांगणारा, आला आणि १९ तारखेच्या मापांशी त्याचा मेळ बसेना.

कारण जुळवण्याच्या पद्धतीत होते. संपूर्ण पृष्ठभाग धरून सर्वोत्तम जुळणी काढली की सॉफ्टवेअर एकूण चूक कमीत कमी दिसेल अशा जागी स्कॅन नेऊन ठेवते. दाढेच्या टोकाला साचलेली चूक मग सगळ्या कमानीवर थोडीथोडी पसरते आणि कुठेच ठळक दिसत नाही. म्हणून फक्त एका बाजूच्या शेवटच्या दोन दाढा निवडून तेवढ्यावर जुळणी केली आणि मग दुसऱ्या टोकाकडे पाहिले. पटाशीच्या दातांपाशी रंग बदलू लागला आणि पलीकडच्या दाढेवर तो गडद झाला. चूक कुठे जन्मते आणि कुठपर्यंत वाढते, हे त्या एका चित्रात दिसते. स्कॅनर विकायला येणाऱ्यांकडून हिरवा नकाशा दाखवला गेला, तर जुळणी कोणत्या भागावर केली आहे हे आधी विचारावे.

२६ जून

स्कॅन करण्याच्या मार्गावर काम केले. एका टोकाच्या दाढेपासून चावण्याच्या पृष्ठभागावरून दुसऱ्या टोकापर्यंत जायचे, परतताना जिभेकडची किंवा टाळूकडची बाजू घ्यायची आणि शेवटी ओठ-गालांकडची, हा क्रम साधारणपणे सगळे शिकवतात आणि तो बरोबर आहे. फक्त पटाशीच्या दातांवर सरळ जाऊ नये. त्यांच्या कडा इतक्या अरुंद असतात की वरून पाहणाऱ्या स्कॅनरला जुळवण्याजोगा पृष्ठभागच मिळत नाही. तिथे स्कॅनर पुढे-मागे झुकवत, ओठांकडची आणि आतली बाजू आलटून पालटून दाखवत जावे लागते. २२ तारखेच्या चित्रात रंग नेमका तिथेच बदलत होता.

लॅबला एक फायदा आहे, जो तोंडात मिळत नाही. वरच्या मॉडेलवर टाळू निवांतपणे, आडवा एका दाढेपासून दुसऱ्या दाढेपर्यंत स्कॅन करता येतो. दोन्ही बाजू समोरून वळसा न घेता थेट एकमेकींशी बांधल्या जातात आणि टोकाची चूक दिसण्याइतकी कमी होते. खालच्या मॉडेलला टाळू नसतो. जिभेची जागा भरलेली असेल तर ती सपाट आणि पांढरी असते, आणि सपाट पृष्ठभागावर स्कॅनरला ठाव लागत नाही. तिथे प्लास्टरचे ओबडधोबड, वेगवेगळ्या आकारांचे तुकडे चिकटवले आणि त्यांवरून आडवा स्कॅन केला. तुकडे एकसारखे असू नयेत, नाहीतर एक तुकडा दुसऱ्याच्या जागी जुळवला जातो. दात नसलेल्या गुळगुळीत जबड्यावरही कवळीच्या हद्दीबाहेर अशा खुणा लावल्याने जुळणी तुटणे थांबले.

झुरिचमध्ये १९८५ साली मोर्मान आणि ब्रांडेस्टिनी यांच्या यंत्राने तोंडातच दाताचे डिजिटल माप घेऊन पहिले सिरॅमिक इनले (दाताच्या खाचेत बसणारे भरण) बसवले गेले, तेव्हा प्रश्न एका दाताचा होता. आजची यंत्रे खूप पुढे गेली आहेत, पण एका दाताकडून जबड्याकडे जाताना चित्रांवर चित्रे जोडत जावे लागते, ही गोष्ट बदललेली नाही.

१ जुलै

दोन दिवस स्कॅन खडबडीत येत होते आणि कारण सापडत नव्हते. कॅलिब्रेशन (यंत्राची मोजणी जुळवून घेणे) पुन्हा केले, संगणक तपासला, सॉफ्टवेअर नव्याने बसवले. शेवटी टिपेचा आरसा उजेडात तिरका धरून पाहिला तेव्हा त्यावर प्लास्टरचा अगदी बारीक थर दिसला. ट्रिमर त्याच खोलीत चालतो, आणि ती धूळ आरशावर बसते. लिंट न सुटणाऱ्या कापडावर अल्कोहोल घेऊन आरसा पुसला, स्कॅन पूर्ववत झाले. यानंतर स्कॅनर ट्रिमरच्या खोलीतून हलवला आणि काम नसताना टिपेवर टोपण ठेवण्याची सवय लावून घेतली.

मॉडेलवर वापरायच्या टिपा तोंडात वापरायच्या टिपांपासून कायमच्या वेगळ्या ठेवल्या आहेत. ऑटोक्लेव्हमध्ये (वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात) वारंवार गेलेल्या टिपेचा आरसा हळूहळू निकामी होतो आणि निर्माते त्यासाठी चक्रांची मर्यादा ठरवून देतात. लॅबच्या टिपेला ते सोसावे लागत नाही, तिचा शत्रू धूळ आहे. लॅबमध्ये आलेले माप किंवा मॉडेल आधी निर्जंतुक केलेले असावे, हा नियम अर्थातच कायम.

कॅलिब्रेशन यंत्र गरम झाल्यावर करावे. सुरू केल्याबरोबर केलेले आणि अर्ध्या तासाने केलेले कॅलिब्रेशन यांनंतरच्या छर्ऱ्यांच्या मापांत फरक दिसला. यंत्र एका जागेवरून दुसरीकडे नेले किंवा खोलीचे तापमान बरेच बदलले, तरीही ते पुन्हा करावे.

४ जुलै

आज मार्जिन, म्हणजे घासलेल्या दातावर कॅप जिथे संपते ती कड. कॅपचे सगळे आयुष्य या कडेवर अवलंबून आहे, म्हणून या नोंदीत हात आखडता घेत नाही.

खालच्या पहिल्या दाढेचे मॉडेल घेतले. गालाकडचे आणि जिभेकडचे मार्जिन सहज आले. मागच्या बाजूला दुसरी दाढ खेटून होती आणि दोघींच्या मधली फट एक मिलिमीटरही नव्हती. स्कॅनर कसाही तिरका केला तरी प्रकाश तळापर्यंत पोहोचेना. पडद्यावर मात्र तिथे अखंड, सुरेख वळणाची कड दिसत होती, कारण सॉफ्टवेअरने भोक स्वतःच बुजवले होते. भोके आपोआप बुजवण्याचा पर्याय बंद केला तेव्हा त्या जागी खरोखर काय आहे ते दिसले: काहीही नाही. हा पर्याय आता कायमचा बंद आहे. पायाला भोक राहिले तर राहू दे, मार्जिनवरचे भोक आम्हाला दिसलेच पाहिजे.

यावरची रीत लॅबला जुनीच ठाऊक आहे. मॉडेल कापून डाय, म्हणजे घासलेल्या दाताची प्रतिकृती, सुटी करावी, मार्जिनखालचा भाग कोरून घ्यावा, आधी पूर्ण मॉडेल डाय जागेवर ठेवून स्कॅन करावे आणि मग सुटी डाय हातात धरून चहूबाजूंनी स्कॅन करून मूळ स्कॅनशी जुळवावी. शेजारचा दातही सुटा होत असेल, तर तो काढून एक स्कॅन घ्यावा. वेळ वाढतो, पण सुट्या डायचे मार्जिन डेस्कटॉप स्कॅनरच्या तोडीचे आले.

डायवर लावलेला चकचकीत हार्डनर अडचण करतो. चकाकी नसलेला वापरावा किंवा स्कॅन आधी घ्यावा. मार्जिनवर स्प्रे मारू नये. छर्ऱ्यावर स्प्रे चालतो कारण तिथे केंद्र मोजायचे असते, इथे पृष्ठभागच मोजायचा आहे, आणि थर कोपऱ्यात साचून कड गोल करतो. मार्जिन आखायचे असेल तर लाल रंगाची मेणाची पेन्सिल घ्यावी. शिसपेन्सिलीची रेघ चकाकते आणि तिचे टोक कड झिजवते. लाल रेघ रंगीत स्कॅनमध्ये स्पष्ट दिसते, पण फाइल एसटीएलमध्ये काढली की रंग जातो, कारण एसटीएलमध्ये रंग साठवण्याची सर्वमान्य सोय नाही. डिझाइन करणाऱ्याला ती रेघ दिसायची असेल, तर पीएलवाय पाठवावी.

९ जुलै

बाइट, म्हणजे वरचे-खालचे दात मिटल्यावर एकमेकांवर कसे बसतात ते. वरचे आणि खालचे मॉडेल हाताने मिटवून धरले आणि एका बाजूने स्कॅन केले, तर दुसरी बाजू किंचित उघडी राहते. हे डोळ्यांना दिसत नाही, सॉफ्टवेअरमध्ये संपर्काच्या खुणा एकाच बाजूला जमा होतात तेव्हा कळते. मॉडेल्स मिटवण्यापूर्वी दाढांच्या खाचांमधले प्लास्टरचे फुगे शोधून काढावेत. एक लहानसा फुगाही पूर्ण बाइट वर उचलतो. मग दोन्ही मॉडेल्स काड्या आणि चिकट मेण लावून एकमेकांना पक्की बांधावीत आणि उपदाढांपासून दाढांपर्यंतचा पट्टा दोन्ही बाजूंनी घ्यावा.

पडताळणीसाठी ८ मायक्रॉनची शिमस्टॉक फॉइल वापरली. मॉडेलवर ती कोणत्या दातांमध्ये अडकते आणि कोणत्या दातांमधून सुटते याची नोंद कागदावर केली आणि पडद्यावरच्या संपर्कांशी ताडून पाहिली. इथेही सॉफ्टवेअरची एक मदत बंद करावी लागली. जबडे एकमेकांत घुसलेले दिसले की ते आपोआप वर सरकवण्याचा पर्याय असतो. आधी तो न वापरता मूळ बाइट पाहावी. घुसणे फार असेल तर ती बाइट पुन्हा घ्यावी, सरकवून घेऊ नये.

१३ जुलै

मॉडेल न ओतता मापाचाच स्कॅन करून पाहिला. प्लास्टरचा खर्च, थांबण्याचा वेळ आणि प्रसरण, तिन्ही वाचतील अशी आशा होती. ॲडिशन सिलिकॉनच्या मापात दाढांचे उथळ भाग चांगले आले. खालच्या पटाशीच्या दातांनी काम थांबवले. मधला खालचा दात मुळातच सुमारे ५ मिलिमीटर रुंद आणि ९ मिलिमीटर उंच असतो. कॅपसाठी घासल्यावर मापात त्याची जागा म्हणजे एक अरुंद, खोल विहीरच उरते. हातातल्या स्कॅनरची टिप तिच्या तोंडाशी थांबते आणि प्रकाश तळाला पोहोचत नाही. अल्जिनेटच्या मापाचा विचारच केला नाही: ते ओले असते, आणि वाळू लागले की आक्रसते. निर्णय: विरुद्ध जबड्यातल्या न घासलेल्या दातांचे साधे माप असेल तर थेट स्कॅन चालेल, घासलेल्या दाताचे माप ओतायचेच.

मापाची फाइल आतून बाहेर उलटवावी लागते. तेव्हा पृष्ठभागाची दिशा उलटवण्याचा आदेश द्यावा, आरशातल्या प्रतिमेचा नव्हे. दोन्ही आदेश मेन्यूत शेजारी असतात, आणि दुसरा दिला तर उजवी दाढ डावी होते.

१८ जुलै

पहिली कॅप कापली, झिर्कोनिया या सिरॅमिकमध्ये नव्हे, पीएमएमए या प्लास्टिकमध्ये. झिर्कोनिया भट्टीत २० ते २५ टक्के आक्रसतो आणि त्या आकसण्याची भरपाई ही स्वतःच चुकीची एक जागा आहे. स्कॅनर तपासायचा असेल, तर बाकी सगळ्या गोष्टी शक्य तितक्या स्थिर ठेवल्या पाहिजेत. एकाच मॉडेलचे दोन्ही यंत्रांवरचे स्कॅन, तेच डिझाइन, सिमेंटसाठी तीच जागा, कापण्याचा तोच बर.

हातातल्या स्कॅनरची पहिली कॅप अर्ध्यात अडकली. आत पातळ सिलिकॉन भरून बसवली, तेव्हा चावण्याच्या पृष्ठभागाच्या कडेवर सिलिकॉन पूर्ण दाबला जाऊन पीएमएमए उघडे दिसले. डेस्कटॉप स्कॅनरवरची कॅप नीट बसली होती, म्हणून दोष स्कॅनचा धरावा असे कोणालाही वाटले असते. स्कॅनचा पृष्ठभाग ज्या त्रिकोणांनी बनतो, त्यांच्या दोन्ही जाळ्या मोठ्या करून पाहिल्या. हातातल्या स्कॅनरच्या फाइलमध्ये डायच्या तीक्ष्ण कडा गोल झाल्या होत्या, कारण फाइल मध्यम दर्जाची बाहेर काढली होती आणि त्रिकोण विरळ झाले होते. खरी डाय त्या गोल कडेपेक्षा बाहेर होती, कॅप तिथेच टेकत होती. पूर्ण दर्जाची फाइल काढून पुन्हा कापली आणि कॅप बसली. मार्जिनभोवती सिलिकॉनचा थर दोन्ही कॅपमध्ये सारखाच पातळ होता.

मार्जिनच्या फटीसाठी १२० मायक्रॉनची जी मर्यादा सर्वत्र सांगितली जाते, ती मॅक्लीन आणि फॉन फ्राउनहोफर यांच्या १९७१ सालच्या अभ्यासातून आली आहे. ती कमाल मर्यादा आहे. स्कॅन, डिझाइन, कापणी आणि सिमेंट या सगळ्यांनी मिळून ती वापरायची असते, एकट्या स्कॅनरने नव्हे.

२४ जुलै

ब्रिज. तीन युनिटांचा, म्हणजे सलग तीन दातांचा, मागचा ब्रिज पीएमएमएमध्ये कापला. मॉडेलवर एका टोकाला बोट दाबले तरी दुसरे टोक जागचे हलले नाही. मग सुळ्यापासून पलीकडच्या सुळ्याच्याही मागे जाणारा लांब ब्रिज त्याच पद्धतीने कापला. एका टोकाला पूर्ण बसला, दुसऱ्या टोकाच्या मार्जिनपाशी प्रोबचे टोक आत शिरले. बोट दुसऱ्या टोकाला नेले की पहिले टोक उचलले जाई. स्कॅनचा मार्ग सुधारूनही त्याचे डोलणे थांबले नाही, कमी झाले इतकेच. डेस्कटॉप स्कॅनरवरचा तोच ब्रिज स्थिर होता.

जुळवून, घासून तो बसवता आला असता. पण दातांवर दाबून बसवलेला ब्रिज त्यांना सतत ओढत राहतो, आणि ते रुग्णाच्या दातांवर टाकणे मला मान्य नाही.

३० जुलै

कामाची वाटणी ठरली आणि भिंतीवर लावली. एक कॅप, शेजारच्या दोन कॅप, इनले, तीन युनिटांपर्यंतचा मागचा ब्रिज, विरुद्ध जबड्याचे मॉडेल, नाइटगार्डसाठीचे मॉडेल आणि जुन्या मॉडेल्सचा संग्रह, ही कामे हातातल्या स्कॅनरवर. कमानीचे वळण ओलांडणारा कोणताही ब्रिज आणि स्क्रूने बसणारे जोडलेले इम्प्लांटचे काम डेस्कटॉप स्कॅनरवरच. एका इम्प्लांटच्या कॅपसाठी स्कॅन बॉडी (इम्प्लांटची जागा दाखवणारा, त्यावर बसवायचा तुकडा) पूर्ण आणि वरच्या टोकापासून तळापर्यंत आलेली असेल, आणि ती सॉफ्टवेअरच्या लायब्ररीतल्या आकाराशी जुळली असेल, तर हातातला चालेल.

फाइलच्या नावात केस क्रमांक, तारीख, जबडा आणि कोणत्या स्कॅनरचा स्कॅन हे चारही यावेत. एसटीएलमध्ये एकक लिहिलेले नसते, म्हणून दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडल्यावर दाढेची रुंदी एकदा मोजून पाहावी. १० मिलिमीटरच्या आसपास यायला हवी. मूळ स्कॅन प्रकल्प काम पोहोचवून झाल्यावरही पुसू नये, कारण कॅप परत आली तर दोष शोधायला तोच लागतो.

छर्ऱ्यांचे मॉडेल धुळीपासून झाकून स्कॅनरशेजारी ठेवले आहे. दर सोमवारी काम सुरू होण्यापूर्वी त्याचा स्कॅन होतो, चार अंतरे वहीत उतरतात, आणि शेजारच्या दोन छर्ऱ्यांमधला फरक ३० मायक्रॉनच्या पुढे गेला तर त्या दिवशी हातातला स्कॅनर आरसा आणि कॅलिब्रेशन तपासेपर्यंत बंद राहतो.